मुक्कामाच्या ठिकाणाचे पान दुरुस्त करूनही पुन्हा बिघडते, तेव्हा काय तपासावे

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील लॉज, भक्तनिवास, होमस्टे आणि कृषी पर्यटन केंद्रे यांची पाने प्रवास नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार करण्याचे काम ज्यांच्याकडे असते, त्यांना एक अडचण वर्षातून अनेकदा भेटते. पान तयार करताना छायाचित्रे, पत्ता, दर, जेवणाची सोय असे सर्व काही जागच्या जागी असते. पुढे हंगामाच्या तोंडावर नव्या दरांचा तक्ता चढवला जातो आणि त्याच पानावरची नकाशाची खूण भलत्याच गावी गेलेली असते, दराचा रकाना रिकामा झालेला असतो, किंवा एकाच ठिकाणाची दोन पाने शोधात दिसू लागतात. मग पान उघडून दुरुस्ती केली जाते आणि पुढच्या तक्त्याबरोबर तीच चूक परत येते.

या अडचणीचे मूळ बहुतेक वेळा पानात नसते. अशा सॉफ्टवेअरमधील पान हे स्वतंत्रपणे लिहिलेले नसून आतल्या नोंदीवरून उमटलेले असते. ती नोंद आयात केलेल्या, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये चढवलेल्या, तक्त्यातून भरलेली असते. आणि तो तक्ता कोणीतरी एक्सेलमध्ये तयार केलेला असतो. पानाच्या पुढेही एक टप्पा असतो, तो म्हणजे प्रवाशाला पाठवलेला सहलीचा कार्यक्रम. आपण दुरुस्ती करतो पानावर आणि चूक तशीच राहते तक्त्यात. पुढची आयात झाली की तक्ता आपले जुने म्हणणे नोंदीवर पुन्हा लिहितो आणि आपली दुरुस्ती पुसली जाते. पाटाचे तोंड न बांधता वाफ्यातले पाणी उपसत राहण्यासारखे हे काम आहे.

म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी चूक कोणत्या टप्प्यावर शिरते ते ठरवावे. त्यासाठी सारी यादी समोर घेण्याची गरज नाही. एकच प्रॉपर्टी, म्हणजे मुक्कामाचे एकच ठिकाण, निवडावी. तिच्या नोंदीतील बदलांचा इतिहास उघडून शेवटचा बदल एखाद्या व्यक्तीच्या नावावर आहे की आयातीच्या नावावर, हे पाहावे. आयातीच्या नावावर असेल तर दोष तक्त्यात किंवा आयातीच्या नियमांत आहे. व्यक्तीच्या नावावर असेल आणि नोंद बरोबर असूनही पान चुकीचे दिसत असेल, तर पान प्रकाशित न होता मसुद्यातच राहिले आहे का आणि ब्राउझर जुनी साठवलेली प्रत दाखवत आहे का, या दोन गोष्टी तपासाव्यात. खासगी विंडोमध्ये पान उघडल्यास दुसऱ्या शंकेचा उलगडा लगेच होतो. नोंदही बरोबर, पानही बरोबर आणि केवळ प्रवाशाच्या हातातील कार्यक्रम चुकीचा, अशी स्थिती असेल तर कारण अगदी वेगळे आहे. त्याचा विचार पुढे केला आहे.

नकाशावरची चुकलेली खूण हा या साऱ्यांतील सर्वांत त्रासदायक प्रकार आहे, कारण त्याचा फटका थेट प्रवाशाला बसतो. रात्रीच्या गाडीने उतरलेले वृद्ध भाविक पानावरच्या खुणेवर विश्वास ठेवून रिक्षा किंवा गाडी ठरवतात, आणि ती खूण चुकीची असेल तर अपरात्री त्यांना विचारायला रस्त्यावर माणूसही नसतो. अक्षांश-रेखांश न देता फक्त गावाचे नाव दिले, तर सॉफ्टवेअर स्वतःच त्या नावाचे ठिकाण शोधते आणि इथेच खानदेशातील नावे घात करतात. नुसते ‘जळगाव’ लिहिले तर बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद समोर येऊ शकते, जे आपल्या जळगावच्या पूर्वेला सरळ रेषेत सुमारे १०० किलोमीटरवर आहे. ‘शिरपूर’ धुळे जिल्ह्यात आहे आणि वाशिम जिल्ह्यातही. ‘पिंपळनेर’ साक्री तालुक्यात आहे, तसेच सोलापूर जिल्ह्यातही. गावाबरोबर तालुका, जिल्हा आणि पिनकोड हे वेगवेगळ्या रकान्यांत दिले म्हणजे हा गोंधळ बराच कमी होतो. जळगाव शहराचा ४२५००१, धुळ्याचा ४२४००१ किंवा नंदुरबारचा ४२५४१२ हा पिनकोड ओळखण्यात सॉफ्टवेअरची सहसा चूक होत नाही.

पत्ता कोठून उचलला आहे, हेही पाहणे आवश्यक आहे. नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. त्याआधी तो भाग धुळे जिल्ह्यात होता. जुन्या लेटरहेडवरून, माहितीपुस्तिकेवरून किंवा पावतीपुस्तकावरून पत्ता घेतला तर शहादा, तळोदा, नवापूर किंवा अक्राणी तालुक्यातील ठिकाणापुढे ‘जि. धुळे’ असे येते आणि जिल्ह्यानुसार गाळणी लावणाऱ्या प्रवाशाला तोरणमाळचे ठिकाण नंदुरबारच्या यादीत सापडतच नाही. मुक्ताईनगरच्या बाबतीत ‘एदलाबाद’ हे जुने नाव आजही काही कागदांवर आहे. अशी जुनी नावे टाकून देऊ नयेत. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये पर्यायी नावांसाठी रकाना असतो, त्यात ती ठेवावीत. जुन्याजाणत्या प्रवाशाचा शोध त्या नावानेच सुरू होतो.

सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे अक्षांश-रेखांश स्वतः देणे. परंतु तेथेही तीन चुका पुन्हा पुन्हा आढळतात. पहिली चूक क्रमाची. मोबाइलवरील नकाशे आधी अक्षांश आणि मग रेखांश दाखवतात, तर जिओजेसन या नकाशाची माहिती साठवण्याच्या प्रमाणित मांडणीत आधी रेखांश आणि मग अक्षांश येतो. जळगाव शहराचे स्थान सुमारे २१.०१ उत्तर आणि ७५.५६ पूर्व आहे. हे दोन आकडे उलटले तर खूण नॉर्वेच्या उत्तरेकडील बॅरेंट्स समुद्रात पडते. खूण समुद्रात दिसली तर खरे म्हणजे समाधान मानावे, कारण ती चूक तत्काळ लक्षात येते. दुसरी चूक तशी लक्षात येत नाही: ती अंश-मिनिटांची. २१ अंश ३० मिनिटे म्हणजे २१.५, पण रकान्यात २१.३० असे भरले की खूण सुमारे २२ किलोमीटर दक्षिणेला सरकते, आणि सरकूनही ती खानदेशातच राहत असल्यामुळे पाहणाऱ्याला संशय येत नाही. तिसरी चूक दशांश स्थळांची. दोनच दशांश स्थळे दिली तर सुमारे एक किलोमीटरपर्यंत फरक पडू शकतो. चार दिली तर तो दहा-बारा मीटरवर येतो. शहरातील लॉजचे त्यामुळे फारसे बिघडत नाही, परंतु रावेर-यावल भागात केळीच्या बागांमध्ये असलेल्या कृषी पर्यटन केंद्राचा फाटा चुकला तर सगळीकडे सारखीच बाग दिसते आणि गाडी परत वळवायलाही जागा मिळत नाही. अशा ठिकाणी खूण इमारतीवर न ठेवता डांबरी रस्त्यावरील फाट्यावर ठेवावी आणि पुढचा रस्ता वर्णनात शब्दांत लिहावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

याला जोडूनच अंतराचा प्रश्न येतो. काही सॉफ्टवेअर ‘जवळची ठिकाणे’ ठरवताना सरळ रेषेतील अंतर मोजतात. तापीच्या दोन काठांवरील गावे त्यामुळे शेजारी वाटतात, जरी मधला पूल बराच दूर असला तरी. आणि सुमारे ११५० मीटर उंचीवरील तोरणमाळ पायथ्याच्या गावाहून हाकेच्या अंतरावर दिसते, जरी मधे सातपुड्याचा घाट असला तरी. सेटिंगमध्ये रस्त्याचे अंतर निवडण्याची सोय असेल तर ती निवडावी. नसेल तर प्रवासाचा वेळ आपल्या हाताने भरून आयातीपासून तो रकाना वगळावा.

अजिंठ्याजवळच्या पानांची अडचण याहून निराळी आहे आणि ती आपल्या भागात सर्रास आढळते. लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहेत, लेण्यांजवळचे फर्दापूर गाव सोयगाव तालुक्यात आहे, आणि रेल्वेने येणारा प्रवासी मात्र उतरतो जळगावला, सुमारे ६० किलोमीटर अलीकडे. सॉफ्टवेअरने प्रॉपर्टी जिल्ह्याला बांधली असेल तर अजिंठा शोधणाऱ्याला जळगावातील एकही लॉज दिसत नाही. येथे जळगावच्या लॉजचा जिल्हा बदलणे हा उपाय नव्हे. पत्ता खरा तोच ठेवावा आणि ‘पर्यटनस्थळ’ या स्वतंत्र रकान्यात अजिंठा जोडावे. लेणी सोमवारी बंद असतात आणि खासगी वाहने फर्दापूरच्या फाट्यावर थांबवून पुढचे सुमारे चार किलोमीटर बसने जावे लागते, या दोन बाबीही लॉजच्या पानावर न लिहिता स्थळाच्या नोंदीत लिहाव्यात, म्हणजे त्या सर्व संबंधित पानांवर आपोआप येतात आणि बदलल्या तर एकाच जागी बदलाव्या लागतात.

आता एकाच ठिकाणाची दोन पाने का होतात, ते पाहू. आयात करताना सॉफ्टवेअरला ‘ही नोंद आधीपासून आहे का’ हे ठरवावे लागते आणि ओळखीसाठी काही दिले नसेल तर ते नावावरून ठरवते. नाव मात्र प्रत्येक तक्त्यात थोडे वेगळे असते. एका वेळी ‘कृषी पर्यटन केंद्र’, दुसऱ्या वेळी ‘कृषि पर्यटन केंद्र’. एकदा नावापुढे गाव, एकदा नाही. व्हॉट्सॲपवरून नक्कल केलेल्या नावामागे न दिसणारी मोकळी जागा. मराठीत याहून सूक्ष्म भेद आहेत. ‘ॲग्रो’ हा शब्द एका कीबोर्डवर ‘ॲ’ या एकाच चिन्हाने उमटतो आणि दुसऱ्यावर ‘अ’ला चंद्र जोडून ‘अॅग्रो’ असा उमटतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला मात्र दोन निराळे शब्द. ‘दऱ्या’मधील अर्धा र दोन पद्धतींनी साठवला जातो आणि तेथेही हेच होते. ज्यांच्या नावात ‘ॲग्रो टुरिझम’ आहे अशा केंद्रांची दुहेरी पाने जास्त का आढळतात, याचे कारण यात आहे.

यावर उपाय एकच आहे आणि तो पहिल्याच दिवशी करायला हवा: प्रत्येक प्रॉपर्टीला स्वतःचा कायमचा संकेतांक द्यावा, तो तक्त्याच्या पहिल्या स्तंभात ठेवावा आणि आयातीच्या सेटिंगमध्ये ‘जुळवणी नावावरून’ याऐवजी ‘जुळवणी संकेतांकावरून’ असे निवडावे. संकेतांकात गावाचे नाव किंवा मालकाचे आडनाव घालू नये, कारण तेही बदलू शकते. जिल्ह्याची रोमन आद्याक्षरे आणि क्रमांक पुरेसा आहे. बंद पडलेल्या लॉजचा संकेतांक नव्या लॉजला कधीही देऊ नये, नाहीतर नव्या लॉजच्या पानावर जुन्याची छायाचित्रे आणि अभिप्राय येऊन बसतात. आधीच झालेली दुहेरी पाने काढताना एक पान थेट हटवण्याची घाई करू नये. त्यावर आरक्षणे किंवा पाठवलेले कार्यक्रम बांधलेले असतील तर तेही तुटतात. दोन्ही नोंदी एकत्र करण्याची सोय वापरावी. तशी सोय नसेल तर नको असलेले पान अप्रकाशित करून ठेवावे.

रिकाम्या दरांची आणि सरकलेल्या तारखांची कारणे एक्सेलमध्ये सापडतात. मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर ‘१८००’ असा आकडा लिहून मालकाने पाठवला आणि तो तसाच तक्त्यात चिकटवला, तर अनेक सॉफ्टवेअर त्याला संख्या मानत नाहीत. दराच्या रकान्याला संख्याच हवी असल्यामुळे तो रिकामा राहतो. पानावर वाचण्यासाठी देवनागरी आकडे अवश्य असावेत, पण दर, पिनकोड, दूरध्वनी आणि अक्षांश-रेखांश यांच्या रकान्यांत 1800 असे इंग्रजी आकडेच भरावे लागतात. त्याच रकान्यात ‘रु.’, ‘/-’ किंवा ‘पासून पुढे’ असे काही लिहिले तरी हाच परिणाम होतो. दूरध्वनीच्या स्तंभाला एक्सेल संख्या समजले तर जळगावच्या ०२५७ किंवा धुळ्याच्या ०२५६२ या कोडमधील आरंभीचे शून्य गळून पडते, आणि ९१ जोडलेला बारा अंकी मोबाइल क्रमांक घातांकाच्या रूपात दिसू लागतो. म्हणून तो स्तंभ आकडे भरण्यापूर्वीच ‘मजकूर’ या प्रकाराचा करावा. श्रीलिपी किंवा तशा जुन्या फॉन्टमध्ये केलेली दरपत्रके अजूनही अनेकांकडे आहेत. त्यांतील मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याशिवाय चिकटवू नये आणि फाइल जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडावा, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हे येतात.

तारखांबाबत सारंगखेड्याचे उदाहरण बोलके आहे. एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा प्रसिद्ध बाजार दत्तजयंतीच्या सुमारास भरतो, त्या दिवसांत शहादा-नंदुरबार भागातील खोल्यांचे दर आणि उपलब्धता दोन्ही बदलतात. दत्तजयंती २०२३ मध्ये २६ डिसेंबरला, २०२४ मध्ये १४ डिसेंबरला आणि २०२५ मध्ये ४ डिसेंबरला होती. ‘मागील वर्षाचे दर पुढे न्या’ हे बटण दाबले की सॉफ्टवेअर इंग्रजी तारीख तशीच ठेवते, तिथी पाहत नाही. त्यामुळे यात्रेचा दर यात्रा उठून गेल्यावर लागू होतो. याच्या जोडीला संगणकाची प्रादेशिक सेटिंग अमेरिकन पद्धतीची, म्हणजे आधी महिना आणि मग दिवस अशी, असेल तर आणखी एक घोटाळा होतो. १४/१२ ही तारीख तिला कळत नाही, कारण चौदावा महिना नसतो; म्हणून ती मजकूर म्हणून पडून राहते आणि निदान आयातीच्या वेळी त्रुटी तरी दाखवते. ०४/१२ मात्र ती निमूटपणे १२ एप्रिल समजते. त्रुटीचा एकही संदेश येत नाही आणि ऐन उन्हाळ्यात पानावर यात्रेचा दर झळकतो. तारखा वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, 2025-12-04 अशा इंग्रजी आकड्यांत लिहिल्या तर हा संशय उरत नाही. तिथीवर अवलंबून असलेले हंगाम दरवर्षी पंचांग पाहून हातानेच भरावेत. त्याला पर्याय नाही.

दराच्या संदर्भात आणखी दोन बाबी. भक्तनिवासांत आणि धर्मशाळांत दर पुष्कळदा माणशी किंवा गादीमागे असतो, तर सॉफ्टवेअरचा साचा दोन माणसांची खोली गृहीत धरतो. ‘दर कशावर’ हा रकाना न पाहता आकडा भरला की चौघांच्या कुटुंबाला चुकीची बेरीज दिसते. जेवणाचे साचेही असेच आखीव असतात: ईपी म्हणजे फक्त खोली, सीपी म्हणजे न्याहारीसह, एमएपी म्हणजे न्याहारी आणि एक जेवण, एपी म्हणजे सर्व जेवणे. हिवाळ्यात रात्रीचे भरीत, कळण्याची भाकरी आणि ठेचा दरात समाविष्ट, पण न्याहारी निराळी, अशी सोय देणारे शेतावरचे केंद्र या चारांपैकी कशातच बसत नाही. त्याला जवळचा म्हणून एमएपी लावला की सकाळी प्रवासी न्याहारी मागतो आणि घरच्या बाईंना विनाकारण ओशाळे व्हावे लागते. अशा ठिकाणी ‘इतर’ निवडून नेमके काय मिळेल ते पूर्ण वाक्यात लिहावे.

वर्णनाच्या मजकुरात दर, कर, वेळा आणि दूरध्वनी लिहिण्याची सवय मात्र पूर्णपणे सोडली पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ज्यांनी कर स्वतंत्र रकान्यात ठेवला होता त्यांना एक आकडा बदलावा लागला. ज्यांनी ‘अधिक १२ टक्के कर’ असे वर्णनात लिहिले होते त्यांना प्रत्येक पान उघडावे लागले, आणि अशी काही पाने हमखास नजरेतून सुटतात. ज्या होमस्टेची जीएसटी नोंदणीच नाही, त्याला कर आकारता येत नाही. त्याच्या नोंदीत कराचा रकाना शून्यावर असावा. वर्णनात केवळ न बदलणारी माहिती असावी: जिने किती, लिफ्ट आहे की नाही, पाणी गरम कसे होते, मोठी बस दारापर्यंत येते का, मे महिन्यात कूलर आहे की वातानुकूलन. ‘निसर्गरम्य परिसर’ या शब्दांनी खानदेशच्या उन्हात कोणाचाही निर्णय सोपा होत नाही.

आता प्रवाशाच्या हातातील जुन्या कार्यक्रमाविषयी. अनेक सॉफ्टवेअरमध्ये प्रॉपर्टी एखाद्या कार्यक्रमात घातली की त्या क्षणीच्या माहितीची नक्कल कार्यक्रमात साठवली जाते. नंतर मूळ नोंद सुधारली तरी ती नक्कल सुधारत नाही. यामागे कारण आहे, कारण प्रवाशाला कबूल केलेला दर नंतर आपोआप बदलणे योग्य नव्हे. परंतु चुकलेला पत्ताही त्यामुळे तसाच राहतो. म्हणून पत्ता, खूण किंवा दूरध्वनी दुरुस्त केल्यावर ‘ही प्रॉपर्टी कोणकोणत्या कार्यक्रमांत वापरली आहे’ ही यादी काढावी, पुढील तारखांचे कार्यक्रम निवडावेत आणि त्यांत केवळ ते रकाने ताजे करावेत. सर्व रकाने एकदम ताजे करण्याचे बटण असेल तर ते दाबू नये, कारण त्याने कबूल केलेला दरही बदलतो. पीडीएफ आधीच पाठवली असेल तर नवी पाठवावी आणि भाविकांच्या गटप्रमुखांना फोनही करावा.

हे सर्व करूनही आयात झाल्यावर दुरुस्ती पुसली जात असेल, तर आयातीच्या सेटिंगमध्ये ‘रिकाम्या रकान्यांनीही जुनी माहिती बदला’ हा पर्याय चालू आहे का ते पाहावे. दरांच्या तक्त्यात छायाचित्रांचा किंवा अक्षांशाचा स्तंभ रिकामा असला की हा पर्याय चांगली माहिती पुसून टाकतो. दरांसाठी चढवायच्या तक्त्यात संकेतांक, हंगाम आणि दर यांखेरीज दुसरा स्तंभच ठेवू नये. आधी एकाच प्रॉपर्टीचा तक्ता चढवून पाहावा आणि पान, नकाशा व एक नमुना कार्यक्रम तपासून मगच पूर्ण यादी चढवावी. तरीही चूक कायम राहिली तर ती सॉफ्टवेअरच्या मदत विभागाची बाब आहे. त्यांना ‘पान बिघडते’ एवढेच न कळवता प्रॉपर्टीचा संकेतांक, आयातीची तारीख व वेळ, चढवलेली मूळ फाइल, आयातीपूर्वीचे आणि नंतरचे स्क्रीनशॉट आणि बदललेल्या रकान्याचे नाव एकाच संदेशात पाठवावे.